पंचवीस सांगितलं, ५२ आलं

मागच्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, एका नवीन लागलेल्या मॅडमनी विचारलं, ताई तुमच्या वर्गात "तसली" मुलं किती आहेत हो? मी चहाचा कप हातात धरून मनातल्या मनात मोजायला लागले. कानाला मशीन असलेली एक, तिसरीत येऊन वाचता न येणारा एक, एका जागी पाच मिनिटं न बसणारा एक, तांड्यावरची, जी नोव्हेंबरात जाते ते एप्रिलातच उगवते, ती एक, फळ्यावरचं दिसत नाही पण चष्मा घालायला लाजणारा एक, तोंडी सगळं येतं पण वही काढा म्हटलं की पोटात दुखणारी एक... तेवीसच्या पटात मोजता मोजता बारावर गेले आणि म्हटलं थांब बाई, तसली नसलेलीच मोजून सांगते, लवकर होईल.

तेव्हा सगळे हसले पण ती बिचारी खरंच घाबरलेली होती, म्हणून अशा वेगवेगळ्या पोरांना एकाच वर्गात कसं शिकवते, जे तिला परिषदेत चहाच्या वेळेत सांगता आलं नाही, ते इथं लिहितेय. मी काही तज्ज्ञ नाही. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, साठ पटापर्यंत दोन शिक्षक या शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीईच्या) नियमातली शाळा, पहिली-दुसरी आमच्या सरांकडं आणि तिसरी-चौथी माझ्याकडं एकाच खोलीत. म्हणजे एका अर्ध्या वर्गाला हातच्याची वजाबाकी आणि दुसऱ्या अर्ध्याला भागाकार, हे रोजचंच. वेगवेगळ्या पोरांना वेगवेगळं शिकवायचं म्हटल्यावर शहरातल्या शिक्षकांना जेवढा धक्का बसतो तेवढा आम्हाला बसत नाही, आम्ही त्याला फक्त काही भारी नाव दिलेलं नसतं.

तर सुरुवात आमच्या दुकानदारापासून. (पोरांची नावं देणार नाही, टोपणनावं मीच ठेवलीत.) याच्या घरी किराणा दुकान आहे. तिसरीत आला तेव्हा श्रुतलेखनात अंक घातले, पंचवीस सांगितलं की हा ५२ लिहायचा, त्रेचाळीस सांगितलं की ३४. मी काय केलं असेल? लाल पेनानं गोल केले आणि खाली लिहिलं "लक्ष देत नाही". वहीत तीनदा लिहिलंय तसं, ती वही अजून आहे माझ्याकडं, मुद्दाम ठेवलीय.

मग एकदा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्याच्याच दुकानात खडीसाखर घ्यायला गेले, गल्ल्यावर हाच. पंचवीस रुपये झाले म्हणाला, मी पन्नासची नोट दिली, पठ्ठ्यानं एक वीसची नोट आणि एक पाचाचं नाणं बरोबर परत दिलं, वर पिशवी पाहिजे का विचारलं. मी तिथंच उभी. म्हणजे याला पंचवीस कळतंय, नीट कळतंय, मग वहीत काय होतंय?

घरी येऊन मोठ्यानं म्हणून बघितलं. पंच-वीस. आधी पाच ऐकू येतो, मग वीस. त्रे-चाळीस. आधी तीन, मग चाळीस. पोरगं जसं ऐकतंय तसं डावीकडून लिहितंय, पाच आला की ५ ठेवला, वीस आला की २ ठेवला. चूक त्याची नाहीच, आपली मराठी उलटी बोलते आणि सुलटी लिहिते. आणि एकोणतीसचं तर विचारूच नका, त्यात तीस ऐकू येतो आणि अंक मात्र दोनानं सुरू होतो, अर्धा वर्ग ३९ लिहितो.

इथं एक कबुली देऊन टाकते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीससोबत "वीस पाच" असं पण आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, टीव्हीवर, विधानसभेत, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मॅडम परोपरीनं सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांचे संख्यावाचक शब्द अवघड जातात अशा पोरांसाठी ही सोय आहे. मी पण त्या वेळी आमच्या ग्रुपवर दोनतीन विनोद फॉरवर्ड केले होते, हो, मीच. दुकानदार भेटल्यावर त्यातला एकही आठवून हसू आलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. वहीत दोन चौकोन काढायचे, शेजारी शेजारी. आणि पोरांना सांगायचं, ऐकाल तसंच लिहा, फक्त उजवीकडच्या चौकोनापासून सुरू करा. पंच, उजवीकडं ५. वीस, डावीकडं २. झालं पंचवीस. त्याला "उलटं लिहितोस" म्हणून आठ महिने टोकलं त्यानं काही झालं नव्हतं, या चौकोनांनी पंधरा दिवसांत गाडी रुळावर आली, एकोणवाले सोडून. एकोणवाल्यांसाठी मणीमाळ, तीस मणी मोज आणि एक मागं ये, त्याला दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. आणि चौकोन फक्त त्याला नाही दिले, अख्ख्या तिसरीला दिले, कारण एकट्याला दिले की दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं त्याला "चौकोन्या" म्हणणार हे कुणी सांगायला नको. गंमत म्हणजे हुशार म्हणून पहिल्या रांगेत बसवलेल्या दोघींच्या पण चुका कमी झाल्या, त्या आतापर्यंत पाठ करून निभावत होत्या एवढंच.

अक्षरांत पण दुकानदाराची हीच गत. दिवा लिही म्हटलं की "दवि". परत नीट बघा काय झालंय ते. आपण "दि" म्हणताना आधी द येतो आणि इ नंतर, पण लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसते. याला एवढं माहितीय की वेलांटी द नंतर ऐकू येते, म्हणून तो द नंतर ठेवतो, मग ती जाऊन बसते व च्या डोक्यावर. यासाठी माझं साधन म्हणजे जुन्या प्लॅस्टिक फाइलची कापलेली पारदर्शक पट्टी, तिच्यावर मार्करनं वेलांटी काढलेली. अक्षरांची कार्डं मांडायची आणि पट्टी हातानं अक्षरावर सरकवायची, द वर ठेवली की दि, व वर ठेवली की वि. हातानं सरकवल्यावर त्याला कळलं की ही द ची आहे, शेजारच्याची नाही. ख ला "रव" वाचणं, घ आणि ध, भ आणि म, यांच्यासाठी पण वेगळं काही नाही, एका वेळी जोडीतलं एकच अक्षर आठवडाभर घ्यायचं आणि दुसरं त्या आठवड्यात फळ्यावर येऊच द्यायचं नाही. आपण उत्साहात दोन्ही शेजारी लिहून "बघा फरक" म्हणतो ना, तिथंच घोळ होतो.

आणि लग्नपत्रिका टाकू नका. जाड पत्रिकेला एका ओळीएवढी खिडकी कापायची, पुस्तकावर ठेवायची, एकच ओळ दिसते, ओळ संपली की खाली सरकवायची. ज्यांची नजर ओळीवरून घसरते त्यांना याचा इतका फायदा होतो की काय सांगू. वर्गात आता वीसएक आहेत, सोनेरी गणपतीवाल्या खिडक्यांसाठी भांडणं होतात.

दुकानदाराला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, आहे का असं ती मॅडम विचारेलच. मला नाही सांगता येणार, मी डॉक्टर नाही आणि वर्गात बसून असली लेबलं चिकटवू पण नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते, आणि अध्ययन अक्षमता ही या नव्या यादीत आलीय. पण तिचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, तपासणीला मोठ्या सरकारी दवाखान्यात खेटे घालावे लागतात, मजुरी बुडते. तरी मी पालकांना सांगते की जा, कारण पुढं दहावीला बोर्डात तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक मिळतो, ते आत्ता कुणाच्या डोक्यात नसतं. दुकानदाराचे वडील म्हणाले, "बाई, कागद काढला की गावात पोराचं लगीन कसं जमायचं?" पोरगं आठ वर्षाचं! मी काही बोलले नाही, परत दिवाळीनंतर विचारीन. तोपर्यंत चौकोन आणि पट्ट्यांना कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही.

आता भिंगरी. याच्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी माझीच चूक सांगावी लागेल. हा बसूच शकत नाही, हात चालू, पाय चालू, शेजारच्याची पेन्सिल, खिडकीतलं कुत्रं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की अशा मुलांना हालचालीची कामं द्या. मी दिली. खडू आण, हजेरी सरांकडं नेऊन दे, पाणी आलं का बघ, खिचडीचं ताट मोज. वर्ग कसा शांत! मी खूश, भिंगरी पण खूश. दोन महिन्यांनी त्याची आई आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझं लेकरू शाळंत शिपायाचं काम करतंय व्हय?" चेहराच उतरला माझा. वही काढून बघितली तर गुणाकाराची चार पानं कोरी. मी त्याची सोय म्हणून जे करत होते ते खरं तर माझी सोय होती.

त्यानंतर नियम केला, काम द्यायचं पण शिकवण्याच्या आतलंच. फळ्यावर तो लिहील, वह्या तो वाटेल, आणि गणित चालू असताना बाहेर पाठवायचं नाही. आणि त्याला दोन जागा दिल्या, एक बाकावरची आणि एक खिडकीच्या कट्ट्याची, कट्ट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहायचं. या जागेवरून त्या जागेवर न विचारता जायला परवानगी, तिसरीकडं कुठं जायचं नाही. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा गेला, मी मोजलं. आता तीनचार वेळा जातो. बाकीच्यांना पण कट्टा खुला आहे, सुरुवातीला सगळ्यांना तिथंच लिहायचं होतं, आठवड्यात हौस फिटली. दहा उदाहरणं एकदम दिली की हा पहिलं सोडवून उठतो, म्हणून कागदाच्या पट्टीवर दोन दोनच देते, दोन झाली की पुढची पट्टी घ्यायला चालत माझ्याकडं यायचं. चालणं पण झालं, गणित पण झालं.

याच्यावरून एक ओरड होते, बाई त्याला कमी का. पोरांचा न्यायाचा हिशोब फार कडक असतो. मी आता कुणालाच दहा देत नाही, फळ्यावर दहा लिहिते आणि म्हणते कुठलीही पाच सोडवा. मोठ्या अंकांची पाच घेतात काहीजण, सोपी पाच घेतात काहीजण, कोण काय निवडतं हे बघितलं तरी अर्धी चाचणी घेऊन होते. एक मुलगी दहाच्या दहा करते आणि वर अकरावं मागते, तिची वेगळीच डोकेदुखी आहे, तिला मी पोरांसाठी उदाहरणं तयार करायला बसवते.

कानाच्या मशीनवालीबद्दल थोडक्यात, कारण तिच्याकडून शिकले ते साधं आहे, फळ्याकडं तोंड करून बोलू नका. वीस वर्षं मी लिहिता लिहिता बोलायचे, सगळे शिक्षक बोलतात. लिहायचं, खडू खाली ठेवायचा, वळायचं, मग बोलायचं. खिडकीला पाठ करून उभं राहिलात तर तुमचा चेहरा काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत, म्हणून उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा. आणि मशीन कानात आहे म्हणजे चालू आहे असं समजू नका. सकाळी आल्यावर तिच्याकडून मशीन घेऊन मुठीत धरते, बारीक शिट्टी आली तर सेल आहे, नाही आली तर उतरलाय. त्या बटणासारख्या सेलचं स्टिकर काढलं की तो उतरायला लागतो, परत चिकटवून फायदा नाही, हे तिच्या आजीला माहीत नव्हतं, ती काटकसर म्हणून रात्री स्टिकर परत लावून ठेवायची. हे सगळं मला आमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षकांनी दाखवलं. ते महिन्यातून एकदोनदाच येऊ शकतात, त्यांच्याकडं शाळाच एवढ्या आहेत, म्हणून ते आले की मी शिकवत बसत नाही, वहीत प्रश्न लिहून ठेवलेले असतात ते विचारून घेते.

जुलैत एकदा असा पाऊस आला की आमच्या पत्र्यावर नुसता धडधडाट, मला माझाच आवाज ऐकू येईना. सगळा वर्ग ओरडतोय, बाई ऐकू येईना, बाई ऐकू येईना. एकटी ती गप, नेहमीसारखी माझ्या तोंडाकडं बघत बसलेली. तिला रोजचंच होतं ते.

आणि तांड्यावरची. हिच्याबाबत माझं जे चुकलं ते अजून मनाला लागतं. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी, वर्गात तोंड उघडायची नाही, मी समजले लाजाळू आहे. मग घरची भाषा वर्गात आणा असं कुठंतरी ऐकलं होतं ते डोक्यात होतं, मोठ्या उत्साहात सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्याकडं आईला काय म्हणतात गं? ती हळूच म्हणाली, "याडी". आणि वर्ग फुटला हसून, कारण आमच्याकडं येडी म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. तिनं मान खाली घातली ती दिवाळीपर्यंत वर काढली नाही. दिवाळीनंतर तर ती आईबापासोबत ऊसतोडीला गेली.

ती परत आली तोपर्यंत मी शहाणी झाले होते. एकटीला उभं करायचं नाही, सगळ्यांच्या घरच्या शब्दांची भिंत करायची. भाकरी, आई, पाणी, मांजर, आणि शेजारी ज्याच्या घरी जे म्हणतात ते, मी पण माझ्या माहेरचे खानदेशी शब्द लिहिले आणि पोरं मलाच हसली, ते बरं झालं. तिनं स्वतःहून येऊन आई समोर "याडी" लिहिलं, शुद्ध, दुसरी वेलांटी काढून. कुणी हसलं नाही असं म्हणत नाही, एक हसला, त्याला तिनंच डोळे वटारले.

तिच्यामुळं गणितात एक शब्द मिळाला. आम्ही काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधतो, पुस्तकात दशक म्हणतात, पोरांच्या तोंडात तो बसतच नाही. ती म्हणाली, बाई ही तर मोळी. फडात उसाच्या मोळ्या बांधताना रोज बघितलेल्या. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दोन मोळ्या आणि पाच सुटे म्हणजे पंचवीस. दुकानदाराला पण चौकोनात डावीकडं मोळ्या, उजवीकडं सुटे असं एकदम जमलं. ती नसते त्या पाच महिन्यांसाठी एक फाइल देते सोबत, वीस कार्डं, आणि तिच्या चुलत भावाच्या फोनवर गोष्टी रेकॉर्ड करून पाठवते, तो ऐकवतो कधी, कधी नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं गावातच राहावीत म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाचं पण बोलले होते, पण धाकट्या भावाला कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, सांभाळायला तीच लागते, तिथं माझी कुठलीच युक्ती चालत नाही. शाळेची माहिती सरकारला भरून द्यायच्या यू-डायसच्या फॉर्मात दिव्यांग मुलांचे रकाने आहेत, हिच्यासाठी रकाना मला तरी सापडला नाही, आणि खरं सांगू तर तिला कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्नच चुकीचा वाटतो मला, तिला शाळेत बसवायचंय.

त्या मॅडमला एवढंच सांगेन की सगळं एकदम करू नका. मी पहिल्या वर्षी भिंतभर चार्ट लावले, रंगीत कोपरे केले, दमले, दिवाळीपर्यंत सगळं फाटलं. एक पोर धरा, आठवडाभर त्याच्या चुकांची वही बघा, लाल पेन बाजूला ठेवून. चुका अशाच पडत नाहीत, त्यात काहीतरी रीत असते, पोर काहीतरी धरून बसलेलं असतं. ते सापडलं तर उपाय सोपा निघतो, नाही सापडलं तर सहकाऱ्याला दाखवा, मला फोटो पाठवा. आणि डोळे, कान तपासून घ्या आधी, आरबीएसकेची, म्हणजे पोरांच्या आरोग्य तपासणीची, सरकारी गाडी शाळेत येते तेव्हा पोरं गैरहजर राहू देऊ नका, आमच्या चष्म्यावाल्याला सगळे दोन वर्षं ढ म्हणत होते.

आमची शाळा चौथीपर्यंतच. भिंगरी यंदा पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत चाललाय. दाखल्यासोबत मी एक कागद देतेय, आखीव पानावर, शिक्षकांसाठी. उभ्यानं लिहू द्या. दोन दोन उदाहरणं द्या. बाहेरच्या कामाला पाठवू नका, आईला आवडत नाही. चित्रं छान काढतो, म्हशीचं विचारा. कागद वाचून दाखवला तर भिंगरी म्हणाला, बाई, त्यात लिहा की मला खिडकीजवळ बसवा. म्हटलं, तू तर खिडकीतून कुत्री बघतोस. म्हणाला, कुत्रं गेलं की लिहितो ना.

लिहिलं तेही खाली. सोमवारी दाखला न्यायला त्याची आई येणार आहे.